कॅशबॅकचे डॉलर ५२९ खात्यात कसे पोचवायचे

अमेरिकेतल्या बहुतेक मराठी घरांत दोन-तीन क्रेडिट कार्डं असतात. प्रत्येकावर थोडाफार कॅशबॅक साठतो आणि वर्षाकाठी तो बिलातून वजा होऊन जातो. त्या महिन्याचं बिल जरा कमी येतं, तेवढंच. पैसे कुठे गेले म्हणाल, तर घरखर्चात जिरले. हेच पैसे मुलाच्या कॉलेजसाठी लागू करायचे असतील, तर त्यांना घरखर्चाच्या खात्यापासून दूर नेणारी वाट आधी बांधावी लागते. ती पोचते ५२९ खात्यात, म्हणजे राज्यांच्या कॉलेज-बचत योजनेतल्या खात्यात; शिक्षणासाठी काढलेले त्यातले पैसे करमुक्त असतात. कार्ड कुठलं घ्यायचं हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी रकमेचा अंदाज घेऊ. भाडं किंवा मॉर्गेज सोडून किराणा, गॅस, विमा, फोन, मुलांचे उन्हाळी कॅम्प आणि भारताची तिकिटं असा कार्डावरचा खर्च वर्षाला ३०,००० डॉलर धरा. सरसकट २ टक्के परत मिळाले तर ६०० डॉलर, म्हणजे महिन्याला ५०. मूल जन्मल्यापासून अठरा वर्षं दरमहा ५० डॉलर गुंतवले आणि वार्षिक ६ टक्के परतावा धरला, तर साधारण १९,४०० डॉलर होतात. त्यातले १०,८०० तुम्ही टाकलेले, बाकीची वाढ. तेच मूल आठ वर्षांचं झाल्यावर सुरू केलं, तर हाती सुमारे ८,२०० राहतात. स्वतःच्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठाची ट्युशन आज वर्षाला सरासरी ११-१२ हजारांच्या घरात आहे आणि ती वाढतच जाणार. त्यामुळे कॅशबॅकवर पदवी होणार नाही. पण पुस्तकं, लॅपटॉप आणि एखाद्या वर्षाची फी सुटते, तीही पगाराला हात न लावता. पगारातून दरमहा जे टाकायचं ते चालूच ठेवा. हे त्याच्या जोडीचं आहे.

ही कल्पना जुनी आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या अपप्रॉमिसने ती लोकप्रिय केली: ठरलेल्या दुकानांत खरेदी करा, खरेदीचा छोटासा हिस्सा कॉलेजच्या बचतीत जाईल. २००६ मध्ये ती कंपनी सॅली मे या शैक्षणिक कर्ज देणाऱ्या कंपनीकडे गेली आणि २०२० मध्ये स्वॅगबक्स ही रिवॉर्डची साइट चालवणाऱ्या प्रोडेजकडे. नावात कॉलेज आहे म्हणून अशाच कार्यक्रमाला चिकटून राहायचं कारण नाही. साध्या कॅशबॅकचे पैसे तुम्ही स्वतः ५२९ मध्ये टाकले तरी काम तेच होतं, आणि बऱ्याचदा दरही जास्त मिळतो. खरेदीपूर्वी दर बघा, लेबल नको.

पहिलं काम: खातं उघडा

उलटा क्रम ही नेहमीची चूक. लोक आधी कार्ड घेतात, पॉइंट्स साठवतात आणि ५२९ ‘सवडीने’ उघडायचं ठरवतात. ती सवड येत नाही. खातं उघडायला ऑनलाइन अर्धा तास पुरतो. तुमचा आणि मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर, अमेरिकेतला पत्ता आणि बँकेचा राउटिंग व अकाउंट नंबर एवढंच हाताशी हवं. सोशल सिक्युरिटी नसेल तर बहुतेक प्लॅन्समध्ये आयटिन (आयकर खात्याने दिलेला करदात्याचा नंबर) चालतो. खात्याचा मालक पालक, लाभार्थी मूल.

प्लॅन कुठल्याही राज्याचा घेता येतो. पण निवडण्याआधी तुमचं राज्य काय सवलत देतं ते बघा, कारण खरा फरक इथे पडतो. न्यूयॉर्कमध्ये विवाहित जोडप्याला एकत्र रिटर्नवर वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत राज्याच्या करपात्र उत्पन्नातून वजावट मिळते, पण फक्त न्यूयॉर्कच्याच प्लॅनमध्ये टाकलेल्या पैशांवर. पेनसिल्व्हेनिया कुठल्याही राज्याचा प्लॅन चालवून घेतं. इंडियाना तर वजावटीऐवजी थेट २० टक्के टॅक्स क्रेडिट देतं, वर्षाला १,५०० डॉलरपर्यंत. म्हणजे तिथे राहणाऱ्याने कॅशबॅकचे ६०० डॉलर राज्याच्या प्लॅनमध्ये टाकले की आणखी १२० डॉलर करातून सुटतात; २ टक्क्यांचं कार्ड २.४ टक्क्यांचं झालं. कॅलिफोर्नियात अशी सवलत नाही, टेक्सास आणि वॉशिंग्टनमध्ये पगारावर राज्याचा आयकरच नाही. तिथल्यांनी खर्च कमी असलेला कुठलाही चांगला प्लॅन घ्यावा.

‘डायरेक्ट’ प्लॅन घ्या, म्हणजे राज्याच्या साइटवरून स्वतः उघडता येतो तो. सल्लागारामार्फत विकल्या जाणाऱ्या प्लॅनमध्ये कमिशन असतं, आणि महिन्याच्या ५० डॉलरसाठी ते परवडणारं नाही. गुंतवणुकीचा पर्याय निवडताना कॉलेजच्या वर्षाप्रमाणे आपोआप जोखीम कमी करत नेणारा पोर्टफोलिओ घ्या. आधीच टाकलेल्या पैशांची गुंतवणूक वर्षातून दोनदाच बदलता येते, तेव्हा सतत हलवाहलव करायची सोय तशीही नाही.

कार्ड: थेट वाट की वळसा

५२९ मध्ये क्रेडिट कार्डाने पैसे भरता येत नाहीत. बँकेतून ट्रान्सफर किंवा चेक लागतो. म्हणून कॅशबॅक तिथवर पोचवायच्या दोनच वाटा.

थेट वाट म्हणजे फिडेलिटी या गुंतवणूक कंपनीचं रिवॉर्ड्स व्हिसा कार्ड. वार्षिक फी नाही, प्रत्येक खरेदीवर डॉलरमागे दोन पॉइंट, आणि २,५०० पॉइंट झाले की २५ डॉलर फिडेलिटीच्या खात्यात. त्यात फिडेलिटीने चालवलेलं ५२९ खातंही येतं. ‘ऑटो रिडीम’ एकदा चालू केलं की विषय संपला. मात्र हेच पॉइंट बिलातून वजा करून किंवा वस्तूंसाठी वापरले तर त्यांची किंमत घसरते, २ टक्के राहत नाहीत. आणखी एक मेख: फिडेलिटी मोजक्याच राज्यांचे प्लॅन चालवते. मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर, डेलावेअर, ॲरिझोना आणि कनेटिकट. न्यूयॉर्कच्या माणसाने केवळ कार्डाच्या सोयीसाठी न्यू हॅम्पशायरचं खातं उघडलं, तर त्या पैशांवरची न्यूयॉर्कची वजावट गेली.

बाकीच्यांसाठी वळसा बरा. २ टक्के रोख देणारं कुठलंही बिनफीचं कार्ड घ्या. सिटी डबल कॅश १ टक्का खरेदीवर आणि १ टक्का बिल भरल्यावर देतं. वेल्स फार्गो ॲक्टिव्ह कॅश सरळ २ टक्के. कॅशबॅक ‘स्टेटमेंट क्रेडिट’ म्हणून, म्हणजे बिलातून वजा करून, न घेता बँकेच्या वेगळ्या सेव्हिंग्ज खात्यात वळवा. या खात्याला डेबिट कार्ड नको, बिलं जोडलेली नकोत. तिथून ५२९ मध्ये ट्रान्सफर. हे मधलं खातं का, असं वाटेल. चेकिंगमध्ये आलेले ४३ डॉलर पगारात मिसळतात आणि शोधूनही सापडत नाहीत. वेगळ्या खात्यात ते ४३ डॉलर म्हणूनच दिसतात.

किराण्याचं कार्ड वेगळं ठेवायचं का? चार जणांच्या घरात ठेवावं. अमेरिकन एक्सप्रेसचं ब्लू कॅश प्रिफर्ड सुपरमार्केटमध्ये वर्षाच्या पहिल्या ६,००० डॉलरवर ६ टक्के देतं, त्यापुढे १ टक्का. फी वर्षाला ९५ डॉलर. पूर्ण ६,००० खर्च केले तर ३६० मिळतात, फी वजा जाता २६५. तेवढ्याच खर्चावर साध्या २ टक्क्यांच्या कार्डाने १२० मिळाले असते. त्याच कंपनीचं बिनफीचं ब्लू कॅश एव्हरीडे ३ टक्के देतं, म्हणजे १८०. हिशेब केला तर सुपरमार्केटचा खर्च वर्षाला सुमारे ३,१७० डॉलरच्या वर गेला तरच फीवालं कार्ड परवडतं.

इथेच आपल्या लोकांची एक अडचण होते. ‘सुपरमार्केट’मध्ये कॉस्टको, वॉलमार्ट, टार्गेट धरले जात नाहीत. इंडियन स्टोअरचं तर दुकानागणिक वेगळं. प्रत्येक दुकानाला कार्ड नेटवर्कमध्ये चार आकडी कोड असतो. ५४११ असेल तर ग्रोसरी स्टोअर. ५४९९ असेल तर इतर खाद्यपदार्थांचं दुकान, आणि मग ६ टक्क्यांऐवजी १ टक्का. दुकानाच्या पाटीवर ‘ग्रोसरी’ लिहिलं आहे याला काडीचा अर्थ नाही. नव्या कार्डावर आधी दहा-पंधरा डॉलरची कोथिंबीर-मिरची घ्या, व्यवहार पक्का झाला की रिवॉर्डच्या पानावर किती टक्के पडले ते बघा. ६ दिसले तर तांदळाची पोती त्याच कार्डावर. १ दिसला तर २ टक्क्यांचं कार्ड काढा. कॉस्टकोमध्ये व्हिसाच चालतं हे माहीत असेलच. कॉस्टकोचं स्वतःचं सिटी व्हिसा असेल, तर त्याचं रिवॉर्ड वर्षातून एकदाच, फेब्रुवारीच्या स्टेटमेंटबरोबर सर्टिफिकेट म्हणून येतं. बहुतेक जण ते तिथेच ट्रॉली भरून संपवतात. संपवायला हरकत नाही, पण त्याच दिवशी तेवढीच रक्कम चेकिंगमधून ५२९ मध्ये पाठवा. जिथे रिवॉर्ड रोख मिळत नाही तिथे सगळीकडे हीच युक्ती लावायची.

ऑनलाइन खरेदी: पोर्टलची शिस्त

कार्डाच्या वर आणखी काही टक्के हवे असतील, तर ते पोर्टलवरून. राकुटेन, टॉपकॅशबॅक, अपप्रॉमिस सगळ्यांचं तंत्र एक. तुम्ही त्यांच्या दुव्यावरून दुकानाच्या साइटवर गेलात की दुकान त्यांना कमिशन देतं आणि त्यातला वाटा तुमच्याकडे येतो. कार्डाचा कॅशबॅक याच्या वेगळा, दोन्ही मिळतात. कॅशबॅक मॉनिटर या साइटवर दुकानाचं नाव टाकलं की त्या दिवशी कोण किती देतंय ते एका पानावर दिसतं.

क्रम असा ठेवा. काय घ्यायचं ते आधी ठरवा, पण कार्ट रिकामी ठेवा. ॲड ब्लॉकर बंद करा. कूपन आपोआप शोधणारं ब्राउझर एक्स्टेंशनही बंद करा. पोर्टलवर लॉगिन करून दुकानाच्या दुव्यावर टिचकी द्या, उघडलेल्या त्याच टॅबमध्ये वस्तू कार्टमध्ये टाका आणि तिथेच पैसे भरा. मध्येच दुसऱ्या साइटवर भाव बघायला गेलात तर परत पोर्टलवरूनच या.

एवढी तालीम कशासाठी? कारण कमिशन सहसा शेवटच्या टिचकीला मिळतं. तुम्ही राकुटेनवरून गेलात आणि पैसे भरायच्या पानावर कूपनच्या एक्स्टेंशनने ‘कोड लावू का?’ विचारलं, तुम्ही हो म्हणालात, की शेवटची टिचकी त्याची झाली. कूपन लागो न लागो, तुमचा कॅशबॅक गेला. पोर्टलवर न दाखवलेला कूपन कोड बाहेरून आणून लावला तरी बऱ्याच दुकानांत तेच होतं. गिफ्ट कार्डांवर सहसा काही मिळत नाही. सेल्स टॅक्स आणि शिपिंग वगळूनच टक्के मोजतात, त्यामुळे रक्कम तुमच्या हिशेबापेक्षा थोडी कमी दिसली तर घाबरू नका.

खरेदी पोर्टलवर ‘पेंडिंग’ म्हणून दिसली की स्क्रीनशॉट ठेवा. दिसलीच नाही तर ऑर्डर नंबर आणि ईमेलची पावती लावून तक्रार करता येते. मात्र तिला मुदत असते, म्हणून महिन्यातून एकदा यादी तपासा. वस्तू परत केली की कॅशबॅकही परत जातो, आणि परतीची मुदत संपेपर्यंत दुकान पैसे मोकळे करत नाही. राकुटेन दर तीन महिन्यांनी पैसे देतं: १५ फेब्रुवारी, १५ मे, १५ ऑगस्ट आणि १५ नोव्हेंबर. ५ डॉलर १ सेंटपेक्षा कमी साठले असतील तर पुढच्या खेपेला ढकलले जातात. पेपॅल किंवा चेक कसेही घ्या, शेवट मधल्या सेव्हिंग्ज खात्यातच व्हायला हवा. पेपॅलमध्ये राहिलेले पैसे पुढच्या खरेदीत जातात, हमखास.

पावत्यांचे फोटो काढून पैसे देणाऱ्या इबोटासारख्या ॲपबद्दल आमचं मत थंड आहे. ऑफर ठरावीक ब्रँडच्या डबाबंद आणि पाकिटबंद वस्तूंवर असतात, भाजी, डाळ, पिठावर क्वचित. इबोटामधून पैसे काढायला २० डॉलर साठावे लागतात. तुमच्या घरी ते ब्रँड येतातच असतील तर ठीक; नाहीतर वीस सेंट परत मिळावेत म्हणून चार डॉलरचं सीरियल घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

वाट चालू ठेवणं

कॅशबॅक कधी ३२ डॉलर येतो, कधी ८१. प्रत्येक वेळी मुद्दाम ट्रान्सफर करायचं ठरवलं तर चौथ्या महिन्यात राहून जातं. म्हणून मधल्या खात्यातून ५२९ मध्ये दरमहा ठरावीक रकमेची आपोआप ट्रान्सफर लावा. गेल्या वर्षीच्या कॅशबॅकची महिन्याची सरासरी काढा आणि तिच्यापेक्षा पाच-दहा डॉलर कमी ठेवा. वर साठलेलं डिसेंबरमध्ये एकरकमी पाठवा. बहुतेक राज्यांत त्या वर्षाच्या वजावटीची मुदत ३१ डिसेंबर. एसीएचला, म्हणजे बँकेतून होणाऱ्या ऑनलाइन ट्रान्सफरला, दोन-तीन कामाचे दिवस लागतात आणि मध्ये ख्रिसमस येतो. १५ डिसेंबरच्या आसपास उरका.

नव्या कार्डाचा स्वागत-बोनस हा यातला सगळ्यात मोठा घास. तीन महिन्यांत ५०० डॉलर खर्च केले की २०० डॉलर, अशा ऑफर बिनफीच्या कार्डांवर नेहमी असतात. गाडीचा सहामाही विमा किंवा भारताची तिकिटं यायच्या आधी कार्ड घेतलं की वेगळा खर्च न करता अट पुरी होते. पण सहा महिन्यांत घर घ्यायचा बेत असेल तर नवं कार्ड घेऊ नका. मॉर्गेजच्या वेळी क्रेडिट रिपोर्टवर ताजे अर्ज दिसायला नकोत.

आजी-आजोबा, काका-मावशी वाढदिवसाला खेळणी आणतात त्याऐवजी ५२९ मध्ये पैसे टाकू शकतात. अनेक प्लॅन्समध्ये यूगिफ्टसारखा कोड मिळतो. तो पाठवला की खात्याची माहिती न देता समोरच्याला त्यांच्या अमेरिकन बँकेतून पैसे भरता येतात. भारतातून आलेली भेट आधी तुमच्या खात्यात घेऊन पुढे पाठवावी लागते.

पैसे कुठे गळतात

सगळ्यात मोठं भोक व्याजाचं. कार्डावर वर्षाला २४ टक्के व्याज असेल तर १,००० डॉलरची बाकी एक महिना राहिली की सुमारे २० डॉलर व्याज लागतं. त्याच १,००० डॉलरवर २ टक्क्यांनी मिळालेला कॅशबॅकही २० डॉलर. एका महिन्याच्या उधारीत रिवॉर्ड साफ. शिवाय बाकी पुढे नेली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते, पहिल्या दिवसापासून व्याज. ज्या घरात कार्डाची बाकी आहे, त्याने हा सगळा प्रकार बाजूला ठेवून आधी ती फेडावी. पूर्ण स्टेटमेंट बॅलन्सचा ऑटोपे लावा, ‘मिनिमम’चा नाही.

पुढे कॉलेजची फी कार्डावर भरून पॉइंट कमवायचा मोह होतो. बहुतेक कॉलेजं कार्डाने भरल्यास २.५ ते ३ टक्के सेवाशुल्क लावतात, मग २ टक्के मिळवण्यात काय हशील?

कराचं थोडं. खरेदीवर मिळालेला कॅशबॅक आयआरएसच्या (अमेरिकेच्या आयकर खात्याच्या) लेखी किमतीतली सूट आहे, उत्पन्न नाही. पण बँकेत नुसतं खातं उघडल्याबद्दल मिळालेला बोनस व्याजासारखा करपात्र असतो आणि त्याचा १०९९ फॉर्म (मिळालेल्या उत्पन्नाची कर-नोंद) येतो. ओळखीच्याला कार्ड घ्यायला लावून मिळालेला रेफरल बोनसही करपात्र धरा.

पैसे काढताना

५२९ मधून काढलेले पैसे ट्युशन, फी, पुस्तकं, कॉम्प्युटर, आणि किमान अर्धवेळ शिकत असेल तर राहण्या-जेवण्यासाठी करमुक्त असतात. कॅम्पसबाहेर राहणाऱ्याला कॉलेजने जाहीर केलेल्या रकमेपर्यंतच. विमानाची तिकिटं आणि आरोग्य विमा यात बसत नाही. खर्च आणि पैसे काढणं एकाच कॅलेंडर वर्षात हवं. जानेवारीच्या सत्राची फी डिसेंबरमध्ये भरली असेल तर पैसेही डिसेंबरमध्येच काढा. कॉलेजने काही रक्कम परत केली तर ६० दिवसांत ती खात्यात पुन्हा टाकता येते. अमेरिकन ऑपर्च्युनिटी टॅक्स क्रेडिट मिळणार असेल, तर वर्षाला ४,००० डॉलरची ट्युशन आणि पुस्तकं ५२९ बाहेरच्या पैशांतून भरा; एकच खर्च दोन्हीकडे दाखवता येत नाही आणि क्रेडिट २,५०० डॉलरपर्यंत असतं.

फाफ्साच्या, म्हणजे कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदत मागायच्या अर्जाच्या, हिशेबात पालकाच्या नावावरच्या ५२९ ची जास्तीत जास्त ५.६४ टक्के रक्कम धरतात, मुलाच्या स्वतःच्या नावावरच्या पैशांची २० टक्के. म्हणून कॅशबॅक मुलाच्या कस्टोडियल खात्यात (मुलाच्या मालकीच्या, पालकाने सांभाळलेल्या खात्यात) साठवू नका.

मुलाला स्कॉलरशिप मिळाली किंवा पैसे उरले, तर लाभार्थी बदलून धाकट्याचं नाव घालता येतं. २०२४ पासून मुलाच्या रॉथ आयआरएमध्येही (निवृत्तीसाठीच्या बचत खात्यात) हलवता येतात: आयुष्यभरात ३५,००० डॉलरपर्यंत, खातं किमान १५ वर्षं जुनं हवं आणि त्या वर्षाच्या रॉथच्या मर्यादेत. खातं लवकर उघडायचं हे आणखी एक कारण, मग त्यात सुरुवातीला २५ डॉलरच का असेनात.

भारतात परतायचा विचार असलेल्यांनी एक गोष्ट आधीच जाणून ठेवावी. ५२९ चे पैसे अमेरिकेबाहेर फक्त अशाच विद्यापीठांत करमुक्त वापरता येतात ज्यांना अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा फेडरल स्कूल कोड आहे. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच विद्यापीठांना तो आहे. कोडची यादी फाफ्साच्या साइटवर शोधता येते. कोड नसलेल्या कॉलेजसाठी पैसे काढले, तर वाढीच्या भागावर आयकर आणि वर १० टक्के दंड पडतो. तुम्ही टाकलेल्या मुद्दलावर फेडरल कर नाही, पण राज्याची वजावट घेतली असेल तर बऱ्याच राज्यांत ती परत मोजली जाते. मूल अमेरिकेत शिकायला परत येण्याची शक्यता असेल तर खातं तसंच ठेवा. नसेल, तर कॅशबॅकचा वेगळा सेव्हिंग्ज खात्यातला टप्पा तेवढा चालू ठेवा आणि पुढचे पैसे ५२९ मध्ये टाकणं थांबवा.